डाव्या खांद्यावरची घडी

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी वाचते ते हसण्यासाठी, हे आधी कबूल करते. बाभळीवरची बाई, विहिरीवरचा आवाज, गाडीला हात करणारा पांढऱ्या कपड्यातला माणूस... मैत्रिणींना वाचून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "ह्याला आधी पोटभर जेवायला घाला रे कुणीतरी." आमचं घर बौद्ध. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, आणि आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या तोंडपाठ. भूत, भानामती, उतारा ह्यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यात आमचं गाव तेर. इथं शेतात नांगर खोल गेला की हजारो वर्षांपूर्वीच्या खापऱ्या आणि मणी वर येतात, त्यामुळं मेलेल्या माणसांच्या वस्तूंची भीती आम्हाला नसतेच. लहानपणी आम्ही त्या खापऱ्यांनी लगोऱ्या खेळलोय.

तेव्हा हे मी लिहितेय ह्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण घडलं ते घडलं. आणि जसं घडलं तसंच लिहिणार, मीठमिरची न लावता.

मी फिजिओथेरपीला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी असते, आणि ॲनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला परीक्षक तुमच्या हातात एक हाड देऊन विचारतात — कुठलं, आणि कुठल्या बाजूचं? उजवं की डावं? ऐकायला सोपं वाटतं. मांडीचं हाड सोपंच आहे. खवाटाही सोपा... पाठीवरचं ते तिकोनी पातं. पण गळ्याखाली जे आडवं हाड असतं, कॉलर बोन, ज्याला आम्ही क्लॅव्हिकल म्हणतो, ते भल्याभल्यांना घाम फोडतं. दिसायला साधं, थोडं वळण घेतलेलं. पण त्याची वरची बाजू खाली समजलात की उजव्याचं डावं होतं. खालच्या अंगाला एक उथळ खोबण असते, ती खालीच राहिली पाहिजे. एवढी एकच खूण, आणि तीच मी तेव्हा कधी ध्यानात घेतली नव्हती.

मला परीक्षकांनी नेमकं तेच दिलं. मी एका झटक्यात म्हणाले, "डावं, सर."

"पुन्हा बघा."

"डावंच आहे, सर."

"स्वतःच्या अंगाला लावून दाखवा."

मी लावून दाखवलं, ठसक्यात. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढचा विद्यार्थी." ते हाड उजवं होतं. एका हाडावर कुणी नापास होत नाही हे मलाही कळतं. पण त्यानंतर माझी जी तंतरली, की खवाटाही धड सांगता आला नाही. थिअरीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास.

आता पुरवणी परीक्षा. त्यात गेले तर वर्ष जाणार आणि होस्टेलची जागाही जाणार. आणि घरी मामा टपलेलाच होता. त्यानं येरमाळ्याचं स्थळ आणलं होतं, मुलाचं हायवेला मोबाईलचं दुकान. आई मला म्हणाली, "आवंदा पास झालीस तर मी भावाला तोंड देती. न्हाय झालीस तर माज्याकडं बोलायला काय ऱ्हातंय, सांग." आईचंही बरोबर होतं. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होऊ दे, ते हाड मी सोडणार नाही.

आमच्याकडं पद्धत अशी आहे, की पहिल्या वर्षाला हाडांचा एक हाफ सेट घ्यायचा, म्हणजे अर्धा सांगाडा, एका बाजूचा. खरी हाडं. जुन्या विद्यार्थ्यांकडून नव्याकडं जातात. माझा सेट शीतलताईकडून आला होता, पत्र्याच्या पेटीत. पेटीच्या झाकणावर आतून ज्यांनी ज्यांनी तो वापरला त्यांची नावं, एकाखाली एक. पास झालं की नाव लिहायचं. सात नावं होती. शीतलताईनं पेटी देताना सांगितलं होतं, "पूर्ण सेट राईटचा आहे गं. डोळे झाकून राईट म्हण आणि तसंच पाठ कर."

मी डोळे झाकूनच पाठ केलं.

तर ऑक्टोबरात मी पेटी घेऊन तेरला आले. आमची पत्र्याची दोन खोल्यांची जागा. सोयाबीनचे दिवस, आई रोज काढणीला. आण्णा धाराशिवच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल आहेत, सकाळच्या एसटीनं जायचे ते दिवस मावळल्यावर भुसकट अंगावर घेऊन यायचे. दिवसभर घरात मी आणि ती हाडं. आईनं पहिल्याच दिवशी पेटीकडं बघून हात जोडले. मी म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणाली, "देव म्हणून न्हाय गं. कुणाचं तरी माणूस हाय ना ते." मी हसले. मला ती आतापर्यंत फक्त मार्कांची हाडं वाटत होती.

मी जमिनीवर जुनी चादर अंथरायची, त्यावर खांदा मांडायची. खवाटा, दंडाचं हाड, आणि वर कॉलर बोन, सेट राईटचा म्हणून उजव्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडून मी माठातलं पाणी प्यायला उठले, परत आले, तर कॉलर बोन उलटं पडलेलं. खोबण मी वर ठेवली होती, ती आता खाली. वाटलं, धक्का लागला असेल. सरळ केलं. म्हणजे मला जे सरळ वाटत होतं तसं केलं. थोड्या वेळानं अंगणातले कपडे काढून आत आले... परत उलटं.

मी चिडले. भीती वगैरे काही नाही, नुसता संताप. अभ्यासाला बसलेल्या माणसाची कुणी पेन्सिल पळवावी तसा. तिसऱ्या दिवशी मी दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली, मांजर नाही ह्याची खात्री केली. हाड मांडलं, मोबाईलवर फोटो काढला. आतल्या खोलीत जाऊन शंभर आकडे मोजले, परत येऊन दुसरा फोटो काढला. उलटलेलं! (फोटो टाका म्हणून कुणी म्हणू नका. आहेत, पण त्यात दिसतं काय? एक हाड, दोन तऱ्हेनं ठेवलेलं. ते तर शेंबडं पोरही करेल.) मग मी तासभर त्याच्यासमोर मांडी घालून बसले, पापणी लवू न देता. मी बघत असताना ते एकदाही हललं नाही.

चौथ्या दिवशी मी कणीक मळली. खरंच. दोन गोळे करून दोन्ही टोकं त्यात घट्ट रुतवली, खोबण वर. मागं मोरीत जाऊन हात धुऊन आले. हाड कणकेतच होतं, पण खोबण खाली. आणि कणीक कुठं फाटलेली नाही, ओढलेली नाही, जणू पहिल्यापासून तसंच रुतवलं होतं. मी त्या गोळ्यांकडं किती वेळ बघत बसले मलाच माहीत नाही. आई आली तेव्हा तिचं लक्ष वेगळीकडंच.

"कणीक कामून नासलीस गं? आन कुणाच्या हाडाला लावतीस व्हय? काय लाज हाय का न्हाय!"

मी मुकाट्यानं हाड ओल्या फडक्यानं पुसलं.

पाचवा दिवस. ह्या दिवसाबद्दल लिहायलाच मी बसलेय.

दुपारचे साडेतीन असतील. वीज गेलेली, पत्रा तापलेला. मी हाड मांडलं, पाठ फिरवली, उलटलं. परत मांडलं, परत उलटलं. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी मी त्या हाडावर ओरडले. घरात एकटी, आणि एका हाडावर ओरडतेय! "बोल की मग! काय चुकतंय माझं? मला पास व्हायचंय, खेळायला नाही बसले मी!" आणि खोबण वर करून हाड परत आपटल्यासारखं ठेवलं.

तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी काहीतरी ठेवलं.

वजन नव्हतं त्याला. घडी केलेलं कापड असावं तसं... चार पदरी, जाडसर, थोडं घामानं कडक झालेलं. कॉलर बोन आणि खवाट्याच्या मध्ये बरोबर बसवलेलं. मग त्यावरून हाताने दोनदा थापटलं. हळू. आपण पोत्यातलं धान्य बसावं म्हणून थापटतो तसं. आणि वास आला, गोणपाटाचा आणि हरभऱ्याच्या धुळीचा.

मी मान वळवली. खांद्यावर माझी ओढणीसुद्धा नव्हती. समोर हाड खोबण खाली करून पडलेलं.

घाबरले. खोटं कशाला बोलू! बाहेर येऊन पायरीवर बसले, ती आण्णा येईपर्यंत उठले नाही. रडूही आलं थोडं, पण ते भीतीनं नाही. वाटलं, आता ह्या पेटीजवळ मला जाववणार नाही आणि परीक्षा गेलीच.

आण्णा आले, हातपाय धुतले. माझा चेहरा बघून म्हणाले, "प्रज्ञा, काय झालं गं?" मी फक्त हाडाचं सांगितलं, उलटतंय म्हणून. खांद्याचं काही बोलले नाही. सातवी शिकलेला, भुताबिताला शिव्या घालणारा माणूस, मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "आण बगू इकडं."

त्यांनी हाड हातात घेतलं. तळव्यावर तोललं, अंगठा फिरवला. मग सदरा काढला आणि ते हाड आपल्या डाव्या खांद्यावर, त्यांच्या स्वतःच्या हाडाला समांतर धरलं. तीस वर्षं पोती वाहून त्यांच्या त्या खांद्याला लिंबाएवढा घट्टा आलाय, तिथलं हाड कातडीवरून दिसतं.

"हे डाव्या अंगाचं हाय," ते म्हणाले.

"नाही आण्णा, सेट उजव्याचा आहे. शीतलताईनं सांगितलंय."

"ताईला इचारू नको. हे बग." त्यांनी माझं बोट धरून आधी स्वतःच्या हाडावरून फिरवलं, मग त्या हाडावरून. तेच वळण, तसाच पुढचा फुगवटा. "आन ही खोबन खाली बसती. तू ती वर करतीस आन मग म्हन्तीस उजवं."

मी पळत जाऊन पुस्तक काढलं. जाड टोक छातीकडं, फुगवटा पुढं, खोबण खाली. डावं! वर्षभर मी डावं हाड उलटं धरून उजवं म्हणून पाठ केलं होतं, आणि म्हणूनच परीक्षेत उजवं हाड मला डावं वाटलं होतं. शीतलताईला फोन लावला तर ती म्हणाली, "अय्या! होस्टेलला तीन-तीन सेट एका कॉटवर पसरलेले असतात गं, गेलं असेल बदलून." म्हणजे सेटच्या भानगडीचा उलगडा झाला. ह्यात अमानवीय काही नाही.

आण्णा अजून हाडावर अंगठा फिरवत होते. "लई जाड हाय. ह्यो वझं वाहनारा गडी व्हता. उजव्या हातात हूक, डाव्या खांद्यावर पोतं. आमच्यातलाच." हेही पुस्तकात आहे, अंगमेहनत करणाऱ्यांचं हे हाड जाड आणि जास्त वळलेलं असतं. आण्णांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं.

तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आण्णा, आज दुपारी माझ्या खांद्यावर कुणीतरी कापडाची घडी ठेवली."

त्यांचा हात थांबला. "कुन्या अंगाला?"

"डाव्या."

त्यांनी हाड जपून खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दोनदा थापटलं का?"

थापटल्याचं मी सांगितलं नव्हतं. अजून सांगितलंच नव्हतं.

मग आण्णांनी सांगितलं. मोंढ्यात नवा हमाल पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याच्याकडं खांद्यावर ठेवायला घडी नसते. उघड्या खांद्यावर पोतं घेतलं की कातडं सोलतं. तेव्हा तिथला सगळ्यात जुना माणूस आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढतो, चार पदरी घडी करतो, नव्याच्या खांद्यावर ठेवतो आणि दोनदा थापटतो. "म्हंजी आता तू आमचा. उचल. पर ते फकस्त पयल्या दिशी. दुसऱ्या दिसापासनं ज्याची त्याची घडी."

मी हे कधी ऐकलेलं नव्हतं. आण्णा मोंढ्यातलं काही घरी आणत नाहीत, तो विषय एसटी स्टँडवरच ठेवून येतात. लहानपणी कधी कानावर पडलं असेल आणि मनानं उकरून काढलं असेल, हाही विचार मी केला, खूप केला. असेलही. पण आईला विचारलं तर तिलाही ही पद्धत माहीत नव्हती. आणि कणकेचं काय?

"आण्णा, तुम्ही तर भूत मानत नाही."

"आताबी न्हाय मानत," ते सदरा घालत म्हणाले. "भूत नस्तंय. माणूस असतंय. तुजं चुकत व्हतं, त्यानं सांगितलं. आता ध्यान दे आन उचल."

मी उचललं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आण्णा उघड्या अंगानं पाटावर बसायचे आणि मी बॉलपेननं त्यांच्या खांद्यावर खुणा करायची. इथं खवाट्याचं टोक, इथं त्याचा काटा, इथं दंडाचं हाड खोबणीत बसतं, इथं स्नायू चिकटतात. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "उद्या मोंढ्यात ह्यो नकाशा बगून लोक वाट इचारतील." खांद्याची हाडं मी माझ्या बापाच्या अंगावर शिकले. ज्या हाडांवर माझं सगळं शिक्षण उभं होतं, त्यांची नावं मला वर्षभर पाठ होत नव्हती, ह्याची मला फार लाज वाटली. चादरीवर ते कॉलर बोन मी रोज डावं म्हणूनच ठेवायची, खोबण खाली. नंतर ते एकदाही हललं नाही.

परीक्षेला तेच परीक्षक. आणि त्यांनी पुन्हा तेच केलं. कॉलर बोन हातात दिलं.

मी हाड घेतलं आणि... वाट बघितली. खरं सांगते, मी डाव्या खांद्यावर ती घडी पडायची वाट बघत होते. दोन सेकंद, चार सेकंद. काही नाही. टेबलावरच्या पंख्याचा आवाज तेवढा. मग आण्णांचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवसापासून ज्याची त्याची.

जाड टोक बघितलं. फुगवटा बघितला. हाड फिरवून खोबण शोधली आणि खाली केली.

"उजवं, सर."

"नक्की?"

"नक्की, सर." आणि न विचारता माझ्या उजव्या खांद्याला लावून दाखवलं. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या वेळी तुम्हीच होता ना? कुणाकडे शिकलात?"

"वडिलांकडे, सर."

"डॉक्टर आहेत?"

"हमाल आहेत."

त्यांनी माझ्यासमोर खवाटा ठेवला. त्यानंतरची दहा मिनिटं मी कुठंच अडले नाही.

पास झाले. मामा आता येरमाळ्याचं नाव काढत नाही.

पेटी पुढं द्यायची वेळ आली तेव्हा झाकण उघडून बसले. सात नावांखाली आठवं माझं लिहिलं. मग बघितलं, एवढी नावं आहेत, पण ज्याचं हाड त्याचंच नाव नाही. आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "त्येचं सगळ्यात वर लिव." मी वरच्या रिकाम्या जागेत लिहिलं — नाव माहीत नाही. हमाल. डावा खांदा.

ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. शिकतेय विज्ञान, आणि विज्ञानात हाडं उलटत नाहीत. कुणाकडं खुलासा असेल तर खाली जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. फक्त आण्णांनी मी सांगायच्या आधी ते "दोनदा" कसं विचारलं, त्याचाही खुलासा त्यात असू द्या.

सेट घ्यायला उमरग्याची एक मुलगी आली होती, पहिल्या वर्षाची, पेटीला हात लावायलाही बिचकत होती. म्हणाली, "ताई, हा राईटचा सेट ना?"

"एकेक हाड हातात घे आणि तूच ठरव," मी म्हटलं. "कुणी सांगितलं तरी पाठ करू नको."

पेटी तशी जड नाही, पण पत्र्याची कड खांद्यात रुतते. तिनं ती उचलून खांद्यावर घेतली आणि कळवळून खाली ठेवली. मी माझी ओढणी काढली, चार पदरी घडी केली, तिच्या डाव्या खांद्यावर ठेवली आणि दोनदा थापटलं.

"आजच्या दिवस माझी ने," मी म्हटलं. "उद्यापासून तुझी तू आण."